निळे साहेब, लाल पान

"चाललं!" असं कुणी म्हटलं की भाई चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "कोठी?"

कोठी म्हणजे कुठं. अकोल्याच्या आमच्या ऑफिसात या एका शब्दानं भले भले प्रोग्रामर रडकुंडीला यायचे. "इथं, भाई. माझ्या टेबलावर." त्यावर भाई म्हणत, "आपल्या गल्लीत कुत्रंबी शेर असते. परतवाड्यात चालते का, ते सांग."

भाई जुन्या शहरातले. वडील रंगारी, मोर्णा नदीच्या अलीकडे त्यांची रंगाची कढई सगळ्यांना ठाऊक. भाई शिकून संगणकाकडे वळले, पण रंगानं काही त्यांना सोडलं नाही. संगणक आणि त्याचा पडदा यांच्यामध्ये एक दुभाषा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो भाई लिहायचे, सी भाषेत. आणि हट्ट असा की एकदा लिहिला की कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर त्यानं तक्रार न करता चालावं, रंग जिथं तिथं सारखेच उमटावेत. "यंत्राले गृहीत धरू नोका, त्याले इचारा," हे त्यांचं दुसरं वाक्य. मी तिथं मराठी मजकूर लिहायचो. मला सी कळत नव्हतं, पण भाई कळायचे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं तुम्ही विसरला नसाल. वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांच्या दारात तेव्हा पुढारी, पत्रकार आणि पॅकेजं यांची नुसती रीघ लागली होती. त्यातच कुणाच्या तरी डोक्यातून 'माहितीची पेटी' निघाली. बाजाराच्या गावी पडद्याची एक पेटी ठेवायची. शेतकऱ्यानं बटण दाबायचं, रोगट पानाचं चित्र पाहून आपला रोग ओळखायचा आणि उपाय वाचायचा. कल्पना वाईट नव्हती हो! ड्रायव्हरचं काम करारानं भाईंकडे आलं. पण अकोल्याच्या पेट्या एका कंपनीच्या, अंजनगाव सुर्जीला आली ती कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेली, आणि परतवाड्याची तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जीपमधून उतरली. पुरवठादारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, सगळ्या आतून एकसारख्या. जन्मभर कशावर विश्वास न ठेवणाऱ्या भाईंनी नेमका त्याच्यावर ठेवला.

परतवाड्यात तालीम म्हणून पेटी सुरू केली. पहिलं चित्र, हिरवंगार शेत. योजनेचे अधिकारी खूश. "वा! शेत हिरवं दिसतंय. बस!" दुसरं चित्र मंत्रिमहोदयांचं, नमस्कार करताना. चेहरा निळा. साधा नाही, चांगला गडद निळा.

सभागृह झाडणारी बाई झाडू टाकून पुढं आली. "बाप्पा बाप्पा! या मानसानं औषद पेलं काय?"

त्या वर्षांत आमच्याकडे या प्रश्नावर कुणी हसत नसे. अधिकाऱ्यांना तर घामच फुटला.

भाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि खाली बसले. पडद्याचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा असा मोजलेला असतो. ही पेटी तोच हिशेब उलटा वाचत होती. लालाच्या जागी निळा, निळ्याच्या जागी लाल. हिरवा मधला, म्हणून शेताला काही झालं नव्हतं. "माही चूक हाय. याले इचारलंच नाई," भाई म्हणाले. "दोन दिवस द्या साहेब, ड्रायव्हर दुरुस्त करतो."

"मंत्री उद्या येतायत, भाई."

अधिकाऱ्यांनी सरळ फोटो स्टुडिओवाल्याला बोलावलं आणि मंत्र्यांचा फोटोच उलट्या रंगात करून घेतला. उलट्याचं उलटं, चेहरा झकास! भाई कळवळले. "साहेब, हे खोटं हाय. इथं बरे दिसतीन, अंजनगावात निळे दिसतीन."

"उद्घाटन अंजनगावात नाही."

"आन पानाचं काय? कपाशीच्या लाल्या रोगाचं पान निळं दिसून राहिलं."

"पान भाषण करत नाही, भाई."

उद्घाटन दणक्यात झालं. मंत्री स्वतःचा चेहरा बराच वेळ पाहत उभे राहिले. पानाचं बटण कुणी दाबलं नाही.

खरी गंमत पुढं आहे. तो उलटा फोटो वरून मंजूर होऊन आला, शिक्क्यासकट. मंजूर फोटो बदलायचा कसा? मग हुकूम निघाला की बाकीच्या पेट्यांचे रंगच परतवाड्यासारखे करा. म्हणजे एक यंत्र उलटं वाचतं, तर सगळ्यांना उलटं वाचायला शिकवा! भाईंचा करार त्याच महिन्यात वाढायचा होता. अधिकारी प्रेमानं म्हणाले, "एवढं करा, पुढची पाच वर्षं तुमचीच." घरी म्हातारे वडील, दोन मुली शिकणाऱ्या. मीसुद्धा म्हटलं, "भाई, करून टाका. कोण पाहतंय ती पानं?"

भाईंनी मला एसटीत बसवलं. आम्ही परतवाड्याला गेलो. पेटीपुढं एक बाई उभी होती, हातात कपाशीचं लालभडक पान. ते पान ती पडद्याला लावायची, बटण दाबायची, पुन्हा लावायची. शेवटी आमच्याकडे वळून म्हणाली, "मायी बिमारी यात नाई वाटते भाऊ. दुकानवाला म्हन्ते ते महागाचं औषद मारतो आता."

तिची बिमारी तिच्यासमोरच होती. निळी. लाल्याला कीटकनाशक मारून काडीचा उपयोग होत नाही, हे मीच त्या चित्राखाली लिहिलं होतं. भाईंनी तिला बसवलं, उपाय वाचून दाखवला, आणि ती गेल्यावर मला म्हणाले, "पाह्यलं ना कोन पाह्यते ते?"

मग त्यांनी ड्रायव्हर असा लिहिला की तो आधी पेटीला विचारायचा, बाई, तू रंग कसे वाचतेस? आणि मगच चित्र काढायचा. अकोला, अंजनगाव, परतवाडा, एसटीनं जाऊन प्रत्येक पेटीत स्वतः घातला. सगळीकडे पान लाल झालं. आणि मंजूर फोटोतले मंत्रिमहोदय सगळीकडे निळे झाले.

करार अर्थातच गेला. मुलींचं शिक्षण भाईंनी जुन्या शहरात टीव्ही दुरुस्त करून पुरं केलं. त्याबद्दल काही विचारलं तर म्हणत, "काहून इचारता? पान लाल हाय ना?" बस, एवढंच. फोटो बदलायची परवानगी तेवढी कधी आली नाही.

गेल्या वर्षी भाई गेले. मला फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परवा अंजनगावला बाजारात गेलो होतो. पोत्यांच्या मागं ती पेटी दिसली, धुळीनं माखलेली. सहज बटण दाबलं, तर पडदा उजळला की! आधी साहेब आले, हात जोडून, निळेशार. मग पान आलं, लालभडक. शेजारचा हमाल वाकून म्हणाला, "अरे, हा तं लाल्या हाय!"

"चाललं!" मी मोठ्यानं म्हणालो आणि सवयीनं थांबलो. कुणी काही विचारलं नाही.

"अंजनगावात, भाई," मीच म्हणालो. "अंजनगावात चाललं."