हात लावायला ठेवलेला शिपाई

हवालदारानं बेड्या माझ्या पायाशी फेकल्या. लांबून. कुत्र्यापुढे हाड टाकतात तशा.

"घाल तेका," तो म्हणाला. "तुमच्या माणसाक तुमीच शिवा."

औटपोस्टच्या अंगणात धाकू उभा होता. हात सुंभानं बांधलेले, तेही वाडीतल्याच एकाला बांधायला लावून. महारवाड्यातून त्याला इथवर आणला तो असाच, सुंभाचं लांब टोक धरून, ढोर ओढतात तसा. कुणी त्याच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. मी बेड्या उचलल्या. हवालदाराच्या अंगावर होती तीच खाकी माझ्या अंगावर होती. तोच पट्टा, तेच सरकारी बक्कल. पण धाकूच्या मनगटाला हात लावायचा तो मी. कारण धाकू महार आणि मीही महार.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची ही गोष्ट. आमचं औटपोस्ट हद्दीजवळच्या एका खाडीवर. मी सातवी फायनल पास झालो आणि पोलिसात लागलो. वाडीतला पहिला शिपाई. खाकी घालून घरी गेलो तेव्हा आईनं माझी टोपी हातात घेतली, पदरानं पुसली आणि परत माझ्या डोक्यावर ठेवली. मला वाटलं, आता सुटलो.

कसला सुटलो. बाकीचे शिपाई आत जेवायचे. माझं ताट मागच्या पडवीत, लाकडांच्या ढिगाशी. पाणी पाहिजे तर ओंजळ धरायची, कुणी वरून ओतील तेव्हा प्यायचं. अस्पृश्यता कायद्यानं बंद झाली होती. तो कायदा पाळला जातो की नाही हे बघायचं काम आमच्याच औटपोस्टचं.

समुद्रानं प्रेत आणून टाकलं, की मला हाक. सडलेलं असलं तरी मी एकटा. वाडीतल्या माणसाची झडती घ्यायची, की मला हाक. मला वाटायचं, मी नवा म्हणून. मग एकदा हवालदारानंच हसत हसत सांगितलं, "अरे, तुका फौजदारान मागून घेतलो. हंय कोण तरी शिवणारो व्हयो होतो."

म्हणजे माझी सातवी नको होती. माझी छाती, उंची, धावणं, काही नको होतं. विटाळ निभावून न्यायला एक माणूस पाहिजे होता. तो सरकारी पगारावर ठेवला होता.

आता धाकूचं सांगतो. तो माझ्या आईच्या माहेरच्या गावचा, आमच्या वाडीत येऊन राहिलेला. मी लहानपणापासून त्याला मामा म्हणायचो. खोताच्या माडाच्या बागेत तो राबायचा. खोती कागदावर रद्द झाली होती, पण खोत जागच्या जागी होता. त्याचा मचवा गोव्याहून माल आणायचा. वर सुपारीची पोती, खाली दारू आणि विलायती घड्याळं. सगळ्या किनाऱ्याला ठाऊक. एका सकाळी भरतीला मी बंदरावर पहाऱ्यावर असताना मचवा लागला. खोताच्या मुलानं उभं राहून माल उतरवून घेतला. धाकू आणि दुसरे गडी पोती पाठीवर घेऊन बागेतल्या खोपीकडे निघाले. एक पोतं फाटलं. आतून बाटल्या वाळूत पडल्या.

मी धावत औटपोस्टवर जाऊन फौजदाराला सांगितलं. फौजदार दाढी करत होता. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला काय दिसलं? सुपारी दिसली. जा."

खोताची दारू औटपोस्टमध्ये यायची. त्याच्या घरची सुरमई यायची. सगळं धाकूसारख्यांच्या पाठीवरून आलेलं, पण घेताना कुणाला विटाळ होत नव्हता.

पुढे कुणीतरी वर कळवलं. मोठा साहेब येणार, असं ऐकू आलं. आता केस दाखवायला पाहिजे होती. माल पाहिजे होता आणि आरोपी पाहिजे होता. खोतानं दोन्ही दिलं. थोड्या बाटल्या धाकूच्या झोपडीमागे गवतात ठेवल्या गेल्या. आणि धाकू, सुंभाला बांधून, आमच्या अंगणात आला.

मी बेड्या घातल्या. फौजदार खुर्ची टाकून पडवीत बसला. शेजारच्या खुर्चीत खोत. दोघांपुढे चहा.

"लाठी घे," फौजदार मला म्हणाला. "माल माझा होता असं हा म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

मी हललो नाही. हवालदार मागून बोलला, "मार मरे. आमी मारलां तर आंघोळ करूक व्हयी."

खोत हातातली कपबशी सांभाळत म्हणाला, "फौजदारानू, गरिबाक जास्ती मारू नकात. कबूल करूंदे आणि मोकळो होवंदे." आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, काय दयाळू माणूस.

मी लाठी उचलली. धाकूनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. तो हळूच म्हणाला, "मार रे झिला. नोकरी घालव नको. वाडयेतलो पयलो शिपाई तू. माझ्या आंगाक सवय आसा."

ज्याला मारायचं तोच माझी समजूत घालत होता. त्याची पाठ खोतानं आधी पोत्यांनी वाकवली, आता ती माझ्याकडून फोडून घेणार होते. आणि तो ती माझ्या नोकरीसाठी पुढे करत होता. असल्या नोकरीसाठी. लाकडांच्या ढिगाशी बसून जेवायच्या नोकरीसाठी.

मी लाठी पडवीच्या कडेला ठेवली.

"मी मारणार नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"मारणार नाही. माल खोतांचा आहे. मी बघितलाय. तुम्हाला सांगितलंय."

खोत चहा प्यायचा थांबला. मग तो माझ्याकडे न बघता फौजदाराला म्हणाला, "शिकवल्यानी, खाकी दिल्यानी. आता ही बघा तेची फळां."

फौजदार उठला आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. स्वतःच्या हातानं. रागात त्याला विटाळ आठवला नाही. मला आठवला. गाल जळत होता आणि मला हसू येत होतं. इतके दिवस मला न शिवणारा हात पहिल्यांदा लागला तो असा.

धाकूला मग हवालदारानं मारलं. लाठीनं, लांब उभं राहून. दुसऱ्या शिपायानं मला मागून धरून ठेवलं होतं. धाकू शेवटी म्हणाला, "माल माझो." मग हवालदार आणि तो शिपाई विहिरीवर जाऊन आंघोळ करून आले.

मला वाटलं होतं, मला तिथल्या तिथे काढतील. काढलं नाही. बंदरावरच्या पहाऱ्याचा शिपाई मी, म्हणून साक्ष माझी लागणार होती. काय बोलायचं ते फौजदारानं मला पढवलं. आरोपीला माल लपवताना पाहिलं, एवढंच म्हणायचं. "म्हण, आणि सगळं विसरू," तो म्हणाला. मी मान हलवली नाही, बोललोही नाही. त्यानं तोच होकार समजला. आमच्यासारख्याच्या गप्प राहण्याचा त्यांना दुसरा अर्थ माहीतच नव्हता.

कोर्टात मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मचवा कुणाचा, माल कुणी उतरवला, बाटल्या कुठे पडल्या. धाकूला कसा मारला. खुर्चीत कोण बसलं होतं.

सरकारी वकील घाबरला नाही. साक्षीदार आपलाच, पण तो फुटला असं सांगून त्यानंच मला उलट विचारायला सुरुवात केली. "आरोपी तुमच्या जातीचा?"

"होय."

"म्हणून खोटं बोलताय."

मी म्हणालो, "खोत आणि फौजदारही एका जातीचे आहेत. त्यांनाही हेच विचारणार का?"

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "विचारलं तेवढंच बोला."

धाकूला कैद झाली. माझी साक्ष विश्वास ठेवण्यासारखी नाही असं ठरलं. शिस्तभंगाच्या नावाखाली माझी नोकरी गेली. खोताला कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागली नाही. पुढे गोवा सुटला तेव्हा त्याला स्टेजवर बसवून हार घातला. म्हणे, त्याच्या मचव्यातून सत्याग्रही पलीकडे जायचे. फौजदाराला बढती मिळाली.

खाकी परत करून घरी आलो त्या दिवशी आई चुलीपाशी होती. तिला आधीच कळलं होतं. ती रडली नाही. पेजेचं मडकं माझ्या हातात देऊन म्हणाली, "गेली ती जावंदे. धाकूच्या बायलेकडे चूल पेटाक नाय. ही नेवन् दी."

मी पेज घेऊन गेलो. धाकूच्या बायकोनं मला दारात थांबवलं नाही. घरात घेतलं. त्या घरात बसून मी तिला सांगितलं, पोलीस कसं बोलतात, कशाला घाबरतात, कोठडीत कोंबलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे किती वेळात उभं करावंच लागतं. शेजारची माणसं दारात येऊन ऐकत राहिली. मला शिकवलेला कायदा पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आला.

धाकू सुटून आला तो खोकत. खोतानं परत बागेत बोलावणं पाठवलं. धाकू गेला नाही. वाडीतलं दुसरं कोणीच गेलं नाही. माडावर चढून खोताचे नारळ उतरवायला पाडेली मिळेना. पोलीस पुन्हा आले. या वेळी आळ नारळचोरीचा. आमच्या वाडीतल्या एका तरुणाला सुंभ बांधून नेला.

मी मागोमाग गेलो. मागच्या पडवीतून नाही, पुढच्या दरवाजानं. वाडी माझ्यामागून आली, बायकासुद्धा. फौजदाराच्या टेबलापुढच्या बाकावर मी बसलो. नवा फौजदार होता. तो म्हणाला, "ऊठ. तू कोण?"

"मी इथला शिपाई होतो," मी म्हणालो. "ह्याला कशासाठी आणलाय, ते कायद्याचं कलम घालून सांगा. आणि ह्याच्या अंगावर वळ उठला, तर आम्ही सगळे कोर्टात येणार."

तो ओरडला. शिव्या दिल्या. मी उठलो नाही. दारातली माणसंही हलली नाहीत.

तिथंच मी ठरवलं. माझ्या माणसाला यापुढे कुणी एकट्याला नेऊ शकणार नाही. ज्याला नेतील त्याच्यामागून मी चालत जाणार. मारतील तर मारतील, कोंडतील तर कोंडतील. पण मी बघणार. आणि जे बघीन ते कोर्टात, रस्त्यावर, बाजारात, खोताच्या दारात, नावं घेऊन सांगणार. कुणी विश्वास ठेवो न ठेवो.