सिग्नलवरची हजेरी

दिनानाथ शेलारांची पिवळी व्हॅन जुईनगरच्या गल्लीत शिरली की सात वाजून पाच मिनिटं झालेली असतात. सतरा वर्षं हेच चाललंय. मुलं त्यांना आप्पा म्हणतात, मुलांचे आईबापही आप्पा म्हणतात, आणि ऐकून ऐकून घरी प्रेमलाबाईंच्या तोंडीही तेच बसलंय.

गाव कोरेगाव तालुक्यातलं. विसाव्या वर्षी आप्पा वाशीच्या मार्केटला कांद्याच्या गोण्या उचलायला आले. चौदा वर्षांनी पाठीने दगा दिला, तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून गाडी शिकले. पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली, ती ते अजून कुणाला हसत सांगू शकत नाहीत. सिनियर केजीची एक मुलगी मागच्या सीटवर झोपून राहिली. शाळेत बाकीची उतरली, आप्पांनी दार ओढलं आणि गाडी सावलीला लावून चहाला गेले. दहाच मिनिटं. परत आले तर आतून काचेला रडणाऱ्या पोरीचे दोन तळवे टेकलेले.

तेव्हापासून हजेरी सुरू झाली. सगळी मुलं घेऊन निघाल्यावर सानपाड्याच्या बाजूला मोठा चौक लागतो, त्याचा सिग्नल दीड मिनिटाचा. आप्पा पांढऱ्या पट्टीच्या चांगलं हातभर मागे थांबतात, इंजिन बंद करतात आणि ओरडतात, "नंबर एक!" ज्याचा नंबर, त्याने हात खिडकीबाहेर न काढता वर करायचा आणि "हजर" म्हणायचं. असे अकरा नंबर; कुणाला झोप लागली असेल तर शाळेआधीच कळतं. मागचा हॉर्न मारत असेल तर मारू दे. दुसरी शिस्त म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स दिसली की बोलणं बंद, हात जोडायचे. आत कोण आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, पण कुणाचं तरी कुणीतरी असतंच, एवढंच आप्पा सांगतात.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी हजेरी चौथ्या नंबरापर्यंत आली होती. मागून सायरन ऐकू आला. सिग्नल लाल, डाव्या अंगाला कंपनीची मोठी बस, आणि आप्पांच्या व्हॅनने वाट अडलेली. त्यांनी गाडी चालू करून पाच-सहा फूट पुढे घेतली, पट्टीच्या पलीकडे. त्या मोकळ्या जागेत बसने तोंड उजवीकडे घेतलं, आणि अ‍ॅम्ब्युलन्स तिच्या डावीकडून, डाव्या रस्त्याला निसटून गेली. आप्पा तिथेच थांबले, सिग्नल हिरवा झाल्यावर निघाले आणि विसरून गेले.

कॅमेरा विसरला नाही. चार दिवसांनी मोबाइलवर चलान आलं, सिग्नल तोडल्याचं.

दंडाचं आप्पांना काही वाटलं नाही. धडकी भरली ती वेगळ्या गोष्टीची. त्याच वर्षात त्यांच्या गाडीवर अशी दोन चलानं आधीच होती. शाळेचा नियम असा, की वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा सिग्नल तोडणारा ड्रायव्हर मुलांच्या गाडीवर बसणार नाही. नियम चांगला आहे, हे आप्पाही मानत. पण आधीची दोन चलानं त्यांची नव्हतीच. पुतण्या कुलदीप रविवारी पहाटे व्हॅन घेऊन मार्केटला भाजी आणायला जायचा. ते त्याचे पराक्रम. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, म्हणून आप्पांनी गुपचूप पैसे भरून टाकले होते. भरले म्हणजे आपण केलं असं लिहिलं जातं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शाळेला कळायचं ते स्मिताताईंमुळे कळलं. सात नंबरच्या जाईची ही आई. काळजी करण्यात हिचा हात कुणी धरू शकणार नाही. व्हॅन कोपऱ्यावरून वळेपर्यंत गेटातून हलत नाही, आणि पोहोचल्याचा मेसेज दोन मिनिटं उशिरा आला तर तिसऱ्या मिनिटाला फोन करते. एकदा तिने सहज म्हणून व्हॅनचा नंबर मोबाइलवर टाकून बघितला. तीन चलानं, तिन्ही लाल सिग्नलची. तिने स्क्रीनचा फोटो थेट शाळेला पाठवला.

शाळेच्या गाड्यांचं बघणाऱ्या गीतांजली मॅडमनी आप्पांना बोलावलं.

"आप्पा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण कागद विश्वास बघत नाही. तिसरं कोर्टातून रद्द करून आणा. या टर्मपर्यंत मी थांबते."

"आणि न्हाय झालं तर?"

"तर जूनपासून दुसरा ड्रायव्हर."

आप्पांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा कुलदीप जेवत होता. त्याचा घास हातात राहिला. "काका, मी येतो कोर्टात. सांगतो, पहिली दोन माझी."

"तू आधी जेव," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तुझं सांगून झालं की तुझं लायसन जाईल, आणि मग दोघं घरी बसा माझ्यापुढं."

मार्चमध्ये लोकअदालतीची नोटीस आली. बेलापूरच्या कोर्टात त्या दिवशी रांग फाटकापर्यंत होती. रिक्षावाले, डिलिव्हरीची पोरं, ऐरोलीच्या कंपन्यांमधले गळ्यात ओळखपत्र घातलेले साहेब. सगळ्यांना एकच हवं होतं, कमी करून घ्यायचं, भरायचं, पळायचं. पुढचा रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काका, पाच मिनिटाचं काम आहे. टेन्शन नका घेऊ."

टेबलापाशी बसलेल्या मुलीने चलान बघितलं आणि तडजोडीचा कागद पुढे सरकवला. आप्पांनी पेन उचललं. मग खाली ठेवलं.

"एक इचारू का? हितं सही केली, म्हंजे म्या सिग्नल तोडला असं मान्य केलं का?"

मुलीने मान वर केली. दिवसभरात हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. "हो. म्हणजे तसंच होतं."

"मग न्हाय करत."

मागून कुणीतरी "अरे चला ना" म्हणालं. मुलीने आप्पांना बाजूच्या खुर्चीत बसवलं. दुपारी गर्दी सरल्यावर तिने त्यांचं सगळं ऐकलं आणि अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. मुख्य म्हणजे एक ओळ त्यात घालायला लावली, की फक्त फोटो नको, त्या वेळचं पूर्ण चित्रीकरण मागवून बघावं. आप्पांनी तिचं नाव विचारलं. प्राची. तेवढं नाव घेऊन ते घरी आले.

तारीख एप्रिलमधली लागली. आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. कुलदीप मागे बसला होता. आणि दाराशी, पर्स छातीशी धरून, स्मिताताई. आप्पांनी लांबूनच नमस्कार केला. तिने केला न केला.

न्यायाधीश मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या. सरकारी वकिलांनी फोटो दाखवला. लाल दिवा, पांढरी पट्टी, पट्टीपुढे पिवळी व्हॅन. अ‍ॅम्ब्युलन्स कुठेच नाही.

"शेलार, अ‍ॅम्ब्युलन्स कुठे आहे?"

"बशीच्या आडनं गेली, मॅडम."

"बस दिसतेय. आडचं मला कसं दिसणार?"

आप्पांनी अर्जातल्या चित्रीकरणाच्या ओळीवर बोट ठेवलं. मग चित्रीकरण लावलं. पडदा लहान, आवाज नाही. समोरच्या खांबावरच्या कॅमेऱ्याने टिपलेलं. व्हॅन पट्टीच्या मागे उभी. आत एक हात वर झाला, खाली आला. दुसरा. तिसरा. चौथा. मग हात थांबले. व्हॅन जराशी पुढे सरकली आणि पुन्हा उभी राहिली.

"थांबवा," मॅडम म्हणाल्या. "ही मुलं हात का वर करतायत?"

आप्पांनी हजेरीचं सांगितलं. का सुरू झाली तेही. काचेवरचे दोन तळवे सांगताना त्यांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरून दाखवले.

"पुढे चालवा."

पुढच्या क्षणी व्हॅनमधली सगळी डोकी एकदम डावीकडे वळली. बसच्या दिशेने. आणि अकरा जोड हात जुळले. मागच्या काचेपाशी वेणी घातलेली एक मुलगी डोळे मिटून बसली होती. स्मिताताईंच्या तोंडून हळूच "जाई" निघालं.

मॅडमनी चष्मा काढला. "हे बसला नमस्कार करतायत का?"

"न्हाय मॅडम. अ‍ॅम्ब्युलन्स दिसली की करायचा, असं शिकवलंय."

हात खाली आले. मग पाचवा हात वर झाला. सहावा. सातवा. हजेरी पुढे चालू. अकरा झाल्यावरही दिवा लालच होता, आणि व्हॅन जागची हलली नव्हती. सरकारी वकिलांनीच फाइल मिटली. "माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले.

"सिग्नल तोडणारा माणूस पट्टीपुढे सव्वा मिनिट उभा राहून हजेरी घेत नाही," मॅडमनी लिहिता लिहिता म्हटलं. "चलान रद्द." मग पान उलटलं. "आधीची दोन मात्र भरलेली आहेत. दोन्ही रविवार पहाटेची. रविवारी शाळा असते?"

आप्पांनी वळून बघितलं. मागे कुलदीप उठायला लागला.

"ते घरातलं हाय, मॅडम."

"मग घरात ठेवा. रस्त्यावर आणू नका." कुलदीप उठला तसाच खाली बसला.

बाहेर व्हरांड्यात आप्पा कागदांची घडी करून पिशवीत ठेवत होते. स्मिताताई पुढे आली. "आप्पा, शाळेत मी कळवलं होतं. तुम्हाला एक शब्द न विचारता. झोप नाही लागली मला."

"ठाऊक हाय ताई. गीतांजली मॅडम बोलल्या न्हाईत, पर मला कळलं." ते थोडं हसले. "तुमची पोर बसती माझ्या गाडीत. तुमी नंबर तपासला न्हाय, तर कुनी तपासायचा? माझ्या गाडीला असली एक आय पायजेच."

तिला रडू आलं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि ती पिईपर्यंत दुसरीकडे बघत उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात आप्पा साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन प्राचीला शोधत कोर्टात गेले. ती म्हणाली, "काका, असं घेता येत नाही आम्हाला." आप्पांनी डबा मिटला. ते जिन्यापर्यंत पोहोचले तोवर तीच मागून आली, म्हणाली, जेवणाची सुट्टी झालीय, आणि उभ्या उभ्या एक पेढा खाल्ला. उरलेले आप्पांनी फाटकावरच्या शिपायापासून लिंबूसरबतवाल्यापर्यंत वाटले. व्हॅनची किल्ली आता रविवारी प्रेमलाबाईंच्या कमरेला असते. भाजी आणायला कुलदीप बसने जातो.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी सानपाड्याच्या चौकात दिवा लाल लागला. आप्पा पट्टीच्या नेहमीपेक्षाही मागे थांबले. एक, दोन, तीन. अकरावा "हजर" झाला, तरी मुलं गप्प होईनात.

"नंबर बारा," मागून जाई ओरडली.

"बारा कोन?"

"आप्पा, तुम्ही."

आप्पांनी आरशात बघितलं. मागे हॉर्न सुरू झाले होते, दिव्याची मात्र वीस सेकंदं बाकी होती. त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, वर केला आणि म्हणाले, "हजर."