हरेश्वरच्या स्पीकरमधली घरघर

आमच्या नागावात माणूस निवृत्त झाला की घरावर मजला चढवून पाहुणे ठेवतो, नाहीतर देवळाच्या ट्रस्टवर जाऊन भांडतो. माझा शेजारी हरेश्वर म्हात्रे याने यातलं काहीच केलं नाही. पाहुणे त्याची बायको, म्हणजे आमची आवडावहिनी, आधीपासूनच ठेवत होती. आणि भांडायला त्याला देवळाच्या ट्रस्टपेक्षा मोठा शत्रू सापडला. तो विजेशी भांडायला लागला.

निमित्त त्याच्या आईचं. सखुबाई ही आमच्याकडची नावाजलेली धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाऊन देवांना बोलवणारी, नवरानवरीला बसवणारी, उठवणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालतं, ती नसेल तर मांडवात बायकांना चैन पडत नाही. सखुबाई जाताना म्हणून गेली होती की प्राप्तीच्या हळदीला मीच गाणार. प्राप्ती तिची लाडकी नात, हरेश्वरची एकुलती एक मुलगी. आता प्राप्तीचं लग्न ठरलं होतं, म्हातारी नव्हती, आणि गावात धवले येणारी दुसरी बाई कोणाला माहीत नव्हती. हरेश्वरकडे होती ती एक कॅसेट. धाकट्या बहिणीच्या हळदीला त्याने स्वतः टेपवर भरून घेतलेली. प्राप्तीच्या हळदीला तीच लावायची आणि आईचा शब्द खरा करायचा, एवढं त्याने मनाशी धरलं होतं. यात हसण्यासारखं काही नाही. हसायचं ते पुढे आहे.

हौसेला मोल नसतं. फंडाचे पैसे आले तसे त्याने कमरेएवढे दोन स्पीकर आणले, एक जड अॅम्प्लिफायर आणला, जुना पण चांगला कॅसेट डेक मिळवला. पाहुण्यांची सगळ्यात थंड खोली ताब्यात घेतली, दाराला फोम लावला, खिडक्यांना रबर लावलं आणि कॅसेट चालू केली. आईचा आवाज आला. त्याच्या खालून बारीक, सलग घरघरही आली.

इथून पुढे आमच्या आळीचे हाल सुरू झाले. मोबाईलवर 'निर्मळ नाद' नावाचा एक ग्रुप होता, त्यात हरेश्वर दाखल झाला. तिथल्या मंडळींनी त्याला सांगितलं की दोष यंत्राचा नाही, घरातल्या विजेचा आहे. फ्रिज, चार्जर, एलईडी बल्ब, पंख्याचे रेग्युलेटर हे सगळे तारांमध्ये घाण सोडतात आणि ती स्पीकरमधून बाहेर पडते. नाचता येईना अंगण वाकडं असं मी म्हणून पाहिलं. त्यावर त्याने मला अर्थिंग म्हणजे काय हे समजावून सांगितलं, आणि माझी दुपारची झोप गेली.

मग तो हातात जुना ट्रान्झिस्टर घेऊन फिरायला लागला. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा आणि ट्रान्झिस्टर प्रत्येक बटणापाशी न्यायचा. जिथे खरखर वाढेल तिथे घाण. पाणाड्या तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा शोधतो, तसा चेहरा करून तो घरभर हिंडे. घर संपलं तसा आमच्याकडे आला. आमच्या देवघरातलं दिव्यांचं तोरण त्याने आजारी ठरवलं. गणपतीपासून ते तोरण तसंच लुकलुकत होतं आणि देवाची काही तक्रार नव्हती, पण हरेश्वरची होती.

आवडावहिनीच्या संसारातली एकेक वायर त्याने काढली. बल्ब गेले, जुने पिवळे दिवे आले. मिक्सर संगीताच्या वेळेत बंद, आणि संगीताची वेळ कोणती ते फक्त त्याला ठाऊक. वायरींना त्याने जाडजूड काळे मणी अडकवले, ते वायरीतली घाण अडवतात म्हणे. वहिनीच्या मंगळसूत्रात नसतील एवढे मणी एकट्या कॅसेट डेकच्या गळ्यात होते. शेवटी फ्रिजची पाळी आली. फ्रिज दर थोड्या वेळाने टक् करतो, आणि ते टक् स्पीकरमध्ये ऐकू येतं. म्हणून पाहुण्यांच्या सुरमईसकट फ्रिज आमच्या पडवीत आला. वहिनी दिवसातून कितीदा तरी कुंपण ओलांडून यायची आणि कोलंबी घेऊन जायची. ती तक्रार करत नसे. ती फक्त फ्रिजचं दार जरा जोरात लावायची.

ग्रुपने नंतर सांगितलं की खरं औषध म्हणजे स्वतंत्र अर्थिंग. आमचा वायरमन विनेश याने खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली आणि कोळशासोबत थोडं मीठ टाकायला सांगून तो जेवायला गेला. आता म्हात्र्यांचं मूळ घराणं मिठागरवाल्यांचं. मीठ थोडं टाकायचं असतं हे त्या रक्ताला पटणं कठीण. आज्याने मिठाच्या राशी मारल्या आणि मी चिमटीने टाकू, असं त्याने मलाच ऐकवलं. पेणहून चुलतभावाचा टेंपो आला, गोणीमागून गोणी खड्ड्यात गेली. जमीन ओली असेल तर अर्थिंग उत्तम, म्हणून खड्डा त्याने विहिरीच्या कडेलाच काढून घेतला होता.

नागावातल्या मोजक्या गोड पाण्याच्या विहिरींपैकी ती एक. पहिला चांगला पाऊस पडून गेला आणि वहिनीचा चहा खारट लागायला लागला. डोंबिवलीच्या एका पाहुण्याने मोबाईलवर शेरा लिहिला की घर छान, माणसं प्रेमळ, पण समुद्र थेट कपात येतो. पाहुणे आटले. वहिनी पाण्याच्या बाटल्या विकत आणायला लागली. अति तिथे माती म्हणतात, इथे मीठ झालं एवढाच फरक.

पण हरेश्वर खूश होता, कारण बाकी सगळी गाणी आता स्वच्छ वाजत होती. दुसऱ्या एकाही कॅसेटमध्ये घरघर उरली नव्हती. ती उरली होती फक्त आईच्या कॅसेटमध्ये. तेवढ्यावर त्याने निष्कर्ष काढला की ही घाण फार खोल आहे, आळीतून येते आहे, आणि तो आमच्या पंपाकडे वाईट नजरेने पाहू लागला. वहिनीने एकदा दाराबाहेरून ऐकून म्हटलं होतं की हे यंत्राचं वाटत नाही. त्याने तिला तिथेच उभं करून विजेच्या पन्नास सायकलचा आवाज कसा असतो ते तोंडाने काढून दाखवलं. ती आत आली नाही. त्या खोलीत जायचं तर चपलांसोबत बांगड्याही बाहेर ठेवाव्या लागत, किणकिण नको म्हणून.

हळद चार दिवसांवर आली आणि एका सकाळी दुरुस्तीसाठी गावची वीज संध्याकाळपर्यंत बंद राहील असा निरोप आला. लोक चरफडले. हरेश्वरला मात्र सण वाटला. अख्ख्या गावात एकही फ्रिज, एकही पंप, एकही चार्जर चालू नाही. याहून शुद्ध दिवस कुठला? त्याने टेंपोची बॅटरी आणली, विनेशकडून तिच्यावर यंत्र जोडून घेतलं आणि विजय पाहायला माणसं हवीत म्हणून आम्हाला बोलावलं. मी गेलो, कारण पडवीतल्या फ्रिजमधली सुरमई वितळायला लागली होती आणि तिचं काय करायचं ते वहिनीला विचारायचं होतं. वहिनी पहिल्यांदाच त्या खोलीत आली. बांगड्या घालूनच आली.

कॅसेट सुरू झाली. सखुबाईचा आवाज खोलीत उभा राहिला, अगदी समोर बसल्यासारखा. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आणि त्याच्या खाली ती होतीच. बारीक, सलग, जिथे म्हातारी श्वास घेई तिथे थोडी पुढे सरकणारी घरघर.

हरेश्वरचा चेहरा पडला. वीज नाही, गाव बंद, तरी घरघर. आता आईला असंच घाणेरडं वाजवायचं काय, असं काहीतरी तो पुटपुटला आणि त्याचे डोळे भरून आले. एवढा वेळ मला त्याचं हसू येत होतं, ते त्या क्षणी गेलं.

वहिनी स्पीकरसमोर खाली बसली होती. तिने पदराने तोंड पुसलं.

"ती घरघर नाय," ती म्हणाली. "ती मी हाय."

हरेश्वरने कान स्पीकरला लावला.

"आई गायच्या न मी मागून सूर धरायची. नवी नवरी व्हते, शब्द मना येत नव्हते, म्हून तोंड मिटून हूं करायची. तुमी समोरच व्हतात. टेपची चाकं फिरतान का त्ये बघत."

कॅसेट चालूच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शंभरदा वापरली असेल, पण कळसा असा समोर बसून बोलताना कधी पाहिला नव्हता. हरेश्वरने विचारलं, शब्द नंतर आले का. वहिनी म्हणाली, आईंच्या मागे इतकी वर्षं बसले, न येऊन जातील कुठे? मग तू बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं. यावर ती बांगड्या मागे सारत उठली, आणि मलाही सुरमईचं विचारायची हिंमत झाली नाही.

हळदीला मांडव भरला. प्राप्ती पाटावर बसली. घराच्या मागे जनरेटर धडधडत होता, कोपऱ्यात डीजेवाला तारा जोडत होता, आमच्या पडवीतला फ्रिज परत त्याच्या जागी जाऊन टक् टक् करत होता. स्पीकर खोलीतच राहिले. आवडावहिनी नातेवाईक बायकांच्या मधोमध बसली आणि तिने पहिला धवला उचलला. आवाज सखुबाईएवढा चढा नव्हता, पण एकही शब्द अडला नाही. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या.

पण धवला एकटीने होत नाही. मागून सूर धरायला कोणीतरी लागतं, आणि तरुण पोरींना ते येईना. दुसऱ्या ओळीला वहिनीचा श्वास तुटला.

तेव्हा हरेश्वर पुरुषांतून उठला, बायकांमध्ये जाऊन वहिनीच्या मागे मांडी घालून बसला. बायका खुदखुदल्या. त्याने डोळे मिटले आणि तोंड मिटून 'हूं' लावला. कुठे थांबायचं, कुठे पुढे सरकायचं, गाणारीचा श्वास कुठे संपतो, सगळं त्याला पाठ होतं. ती घरघर वर्षभर त्याच्याइतकी दुसऱ्या कोणी ऐकलीच नव्हती. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही, पण पुढच्या ओळीला तिचा आवाज चढला.

विनेश धावत आला आणि जनरेटर जरा वेळ बंद करू का, म्हणून कानाशी विचारू लागला. हरेश्वरने डोळे न उघडता, सूर न सोडता, हातानेच त्याला नको म्हणून सांगितलं.