तेरवीचे दोन हजार

आईने स्वतःच्या तेरवीसाठी दोन हजार रुपये बाजूला ठेवले, तेव्हा मी यवतमाळच्या एका शाळेत ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते. बाबांची तेरवी होऊन महिना झाला होता. तेवढ्याच पैशात बोरी अरबजवळचे आमचे अख्खे गाव बुंदी खाऊन उठले होते. तो आकडा तिने कायमचा धरला. मी म्हटले, बँकेत ठेवू.

"मरनाचा पैसा वाढवू नाही माय. तो वाढला का घरात मरन वाढते."

म्हणून व्याज नाही आणि वरून भर घालणेही नाही. शंभराच्या वीस नोटा, जुन्या लुगड्याच्या फडक्यात.

दर दिवाळीला ती फडके सोडायची आणि विचारायची, "पुरतीन ना वं?"

सुरुवातीला मी खरे मानून 'हो' म्हणायची. पुढे दुकानात तेलाचा भाव ऐकला की मी मनात त्या दोन हजारांचा हिशेब करायची. नोटा वीसच्या वीस होत्या, एकही कोणी नेली नव्हती. तरी त्यांत जेवणारे गाव अर्धे झाले, मग आमची गल्ली तेवढी उरली, मग तीही नाही. एखाद्या दिवाळीला हे तिच्या लक्षात येईल, या भीतीने मी आधीच बोलून टाकायची: पुरतील. शेवटच्या दिवाळीलाही तेच बोलले.

यंदा माघात ती गेली. आचाऱ्याने नोटा पाहिल्या.

"मॅडम, एवढ्यात तं माही कढई निस्ती तापते. गाव जेवू घालाचं हाये का पारावरचे चार बुढे?"

"गाव."

"मंग पाहा तुमी."

मी माझ्या पेन्शनमधले पैसे काढले आणि आईच्या नोटांखाली ठेवून त्याला दिले. आयुष्य पुस्तकांत गेलेली, असले काही न मानणारी बाई मी. पण मरणाचा पैसा वाढवला होता, आणि त्या घरात माझ्याखेरीज मरायला आता कोणी उरले नव्हते.

पंगत बसली. म्हातारीने आपल्या पैशाने गाव जेवू घातले, असे जो तो म्हणत होता. शेजारची काकू आईच्याच वयाची, मागेपुढे कोणी नाही. मी वाढायला वाकले तेव्हा ती हळूच म्हणाली, "असं मरन पाह्यजे पोरी. कोनाच्या दारात जानं नाही. तुह्या मायचं पाहून म्याबी ठेवले हायेत. तेवढेच."

तिला तिथेच सांगायला हवे होते. पण मग आईचे किती आणि माझे किती, तेही भर पंगतीत उघडे पडले असते. मी तिच्या पत्रावळीवर आणखी थोडी बुंदी टाकली आणि पुढच्या पानाकडे सरकले.