खाली वाडी आहे

बोळिंजच्या आमच्या गेमिंग कॅफेत रविवारी दुपारी एक काका यायचे. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, म्हणजे केळीची वाडी, बागच असणार हे उघडच होतं. चपला दाराबाहेर काढून ते खुर्चीत मांडी घालून बसत आणि दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान उडवायला घेत.

शेजारून बघताना मी चिडायचो. नेम असा, की समोर आलेलं विमान एका झटक्यात पाडतील. पण खाली हिरवे चौकोन दिसले की काका गोळीबारच करत नसत. शत्रूला मागे लावून घेऊन पार समुद्रावर जात आणि मग त्याला पाडत.

"काका, इथेच पाडा ना त्याला!"

"अरे, खाली वाडी आहे. वरून विमान पडलं तर केळी आडवी होतील."

"अहो, हा फ्रान्स आहे. तिथे कुठली केळी?"

"मग द्राक्षं असतील. कुणीतरी लावलीच असतील ना?"

मी पडद्याकडे वाकून पाहिलं. इतकी वर्षं तोच गेम खेळत होतो, पण खाली जमीन आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

एकदा समुद्र यायच्या आतच त्यांचं इंधन संपलं. श्वास रोखून काका जॉयस्टिक ओढत राहिले. मीही खुर्चीतून उठलो. शेवटचं शेत मागे पडलं, किनारा मागे पडला आणि विमान पाण्यात आपटलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'मिशन फेल्ड'.

काकांनी टाळीसाठी हात पुढे केला.

"द्राक्षं वाचली!"