नानाचा बिननावाचा किडा

नाना गेला त्या दुपारी मी त्याच्या उशाशी बसले होते. यावलहून आणलेला हिवताप काही केल्या हटत नव्हता. मध्येच डोळे उघडून तो म्हणाला, "आक्का, पेटी आन." सिगारची जुनी पेटी उघडून त्याच्यापुढे धरली. आत एका किड्याचा फक्त एक पाय होता. भिंगातून बघत नाना हसला, "एक पाय शे अजून..." माझ्या धाकट्या भावाचं हे शेवटचं बोलणं. दीड महिना झाला, कानातून जात नाही.

नाना धुळ्याला शाळामास्तर. त्याची बायको लवकर गेली, मीही विधवा. तिथल्या देवपुरातलं त्याचं घर मीच सांभाळलं. सुट्टी लागली की स्वारी बाटल्या आणि चिमटा घेऊन यावलच्या केळीच्या बागांत. लोक त्याला किडेमास्तर म्हणत. लोकांकडे पाहुणे येतात, आमच्याकडे किडे, असं मीही शेजारणींना सांगायची. एका पावसाळ्यात केळीच्या कुजक्या खांबात त्याला दोन किडे मिळाले. तांदळाच्या दाण्याएवढे, काळे, लांबोडके. पंख झंपरासारखे अर्ध्या पाठीवरच संपलेले, शेपूट विंचवासारखी वर. कुठल्याच पुस्तकात हा किडा नव्हता. नानानं महिनोन्महिने त्याची चित्रं काढली, मिशांची पेरं मोजली, वर्णन लिहून मुंबईच्या एका प्राध्यापकांना धाडलं. उत्तर आलं: किडा नवा दिसतो, पण अस्सल नमुना बघितल्याशिवाय छापता येणार नाही, तो पाठवा. अहो, चाळिशीचा माणूस घरभर नाचला!

वैशाख होता. किडे ठेवलेल्या पेटीला कुबट वास येत होता. मुंबईला धाडायच्या आधी जरा ऊन दाखवावं म्हणून मी ती घराच्या सपाट धाब्यावर, गहू आणि कुरडयांशेजारी उघडी ठेवली. कुरडयांवर कावळा बसू नये म्हणून काठी घेऊन दिवसभर बसले मी मेली, पण पेटीकडे बघायचं काही सुचलं नाही. उन्हं उतरल्यावर बघते तर मुंग्यांची रांग. टाचण्या होत्या, त्यांवरचे कागदाचे त्रिकोण होते, किडे नव्हते. एका त्रिकोणावरच्या डिंकात तेवढा एक पाय अडकून राहिला होता.

नाना ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मुंग्यासनं पोट भरनं. आते रडू नको, आक्का." त्या रात्री मात्र तो जेवला नाही. पुढे चार पावसाळे तो यावलला जात राहिला, आणि रिकाम्या बाटल्या घेऊन परत येत राहिला. "नको जाऊ रे, तिकडे तापाची साथ आहे," मी म्हणायची. शेवटच्या खेपेला तापच घेऊन आला. लोक समजूत घालतात, आक्का, ज्याची त्याची वेळ असते. मला नाही पटत. मी ती पेटी उन्हात ठेवली नसती, तर माझा भाऊ त्या चिखलात परत गेला नसता.

त्याची वही माझ्याजवळ आहे. चित्रं पुरी, वर्णन पुरं. 'नाव' लिहिलंय त्यापुढची जागा तेवढी कोरी. पेटी खिडकीजवळच्या स्टुलावर असते. स्टुलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत, मुंग्या चढू नयेत म्हणून. इथलं ऊन कडक, पाणी लवकर आटतं. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी त्या चार वाट्या भरते... राखायला आता तो एकच पाय उरलाय.