बाईंची हिरवी कणी

रत्नाबाई मेलेली अळी नखानं दाबून बघायच्या. मऊ लागली तर फेकायच्या, कडक लागली तर काडेपेटीत जपून ठेवायच्या. आमचा जिल्हा आंध्रात होता तेव्हाची गोष्ट. आदिलाबादजवळच्या सरकारी कापूस-फार्मवर त्या प्रयोगशाळेत होत्या आणि मी झाडलोट करायचे. मला त्या वेड्याच वाटल्या.

बाई बाटल्यांत तांदळाच्या उकडलेल्या कणीवर बुरशी वाढवायच्या, अळ्या मारायला. ती मारते कशी, मी विचारलं.

"तिले दात नाहीत, गयाबाई. ती अंगातून प्रथिन सोडते. त्यानं अळीची कातडी विरघळते. भोक पडलं का आत शिरते. मंग अळी मरून कडक होते."

"मंग तुमचे हात काऊन नाही विरघळत?"

"मी का अळी आहो?"

पण बुरशीचं बळ उतरलं होतं. अळ्या मरेनात. साहेबांनी सांगितलं होतं, पेरणीआधी मेल्या नाहीत तर हे काम बंद. बाईंची पंधरा वर्षं त्यात गेलेली. शेवटच्या चार बाटल्या उरल्या होत्या.

मी नवीन होते. बुरशी पांढरीच पाहिलेली. एके दिवशी कणी हिरवी दिसली. मला वाटलं, नासली. चारही बाटल्या शेणखताच्या खड्ड्यात ओतल्या, राखेनं घासून उपड्या घातल्या.

बाई ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "हिरवी म्हणजे पिकली होती, गयाबाई."

साहेबांना त्यांनी सांगितलं, "बाटल्या माझ्याच हातून गेल्या." खोटं कशाला बोललात, मी विचारलं. "तुमची रोजी जाईन. माही बदलीच होईन," त्या म्हणाल्या.

मग बुरशी तिथं जगली का ते बघायला रोज सकाळी आम्ही दोघी तो खड्डा उकरायचो. पंधरवड्यानं शेणातल्या हुमणीच्या अळ्या मेलेल्या सापडल्या. बाईंनी दाबून पाहिल्या. कडक. चार दिवसांत त्यांच्यावर हिरवं उगवलं. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.

"कणीवर बसून आळशी झाली होती. जित्या किड्याची कातडी फोडा लागली, तवा प्रथिन जोरात सोडलं तिनं."

तीच बुरशी त्यांनी पुन्हा कणीवर वाढवली. साहेबांसमोर अळ्या मेल्या. काम राहिलं, बाईही राहिल्या.

निवृत्त होऊन त्या निर्मलला गेल्या. जाताना कपाटातली त्याच बुरशीची एक बाटली दाखवली. बाकी सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत, हिच्यावर मराठीत लिहिलेलं: गया. मी चौथी पास, वाचता आलं.

कामावर होते तोवर ती बाटली मीच पुसली. आतली बुरशी हिरवी झाली की जास्त जपून.